पावसाळ्यानंतर मॉडेल रेल्वेचं इंजिन हलत नाही. दिवा लागतो, मोटर नुसती गुणगुणते (एचओ, साधं डीसी)

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

इंजिन एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७. सहा धुरांचं (चाकांच्या सहा जोड्यांचं) डिझेल, मधोमध मोटर, दोन्ही बाजूंना फ्लायव्हील (जड चक्र) आणि तिथून शाफ्टने दोन्ही बोग्यांना (इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटींना) चालन. आठ पिनांचं सॉकेट आहे, त्यात डमी प्लग. डिकोडर (डिजिटल नियंत्रणाचं सर्किट) नाही, साधं १२ व्होल्ट डीसी. मे अखेरपर्यंत व्यवस्थित धावत होतं. मग खोक्यात घालून कपाटात ठेवलं, ते आता ऑक्टोबरात काढलं.

रूळ निकेल सिल्व्हरचे, प्लायवर कायमचे बसवलेले. एक लांबट लूप, एक साइडिंग. पॉवर पॅकच्या (रुळांना वीज देणाऱ्या, नॉबवाल्या डब्याच्या) दोन वायरी लूपला एकाच जागी जोडल्यात.

लक्षणं अशी: नॉब अर्ध्यावर नेला की पुढचा दिवा लागतो. पूर्ण फिरवला की आतून गुणगुण येते, चाकं जागची हलत नाहीत. बोटाने ढकललं तरी उचल खात नाही. लूपच्या पलीकडच्या बाजूला ठेवलं तर दिवासुद्धा मिणमिणतो.

रूळ कोरड्या फडक्याने पुसलेत. चाकांवर गंज सोडवायचा स्प्रे मारावा म्हणतो. बॉडी अजून उघडलेली नाही. घर समुद्रापासून दोनशे मीटरवर. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचं सामान आहे.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

स्प्रे आधी खाली ठेवा. तो चाकांवरून रुळांवर, रुळांवरून मोटरच्या ब्रशांपर्यंत (फिरत्या भागाला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपर्यंत) पोचतो आणि मागे तेलकट थर ठेवतो. त्यावर धूळ बसली की आजच्यापेक्षा वाईट.

तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे बिघाड दिसताहेत, आणि ते एकत्र शोधायला गेलात तर एकही सापडणार नाही. पलीकडे दिवा मिणमिणतो हा रुळांचा दोष. वायरीजवळ दिवा नीट लागूनही चाक फिरत नाही हा इंजिनाचा. आधी रूळ.

रिकाम्या रुळावर मीटर लावून काही कळत नाही हे लक्षात घ्या. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे सडलेल्या जोडातूनही तो १३-१४ व्होल्ट दाखवील आणि तुम्ही फसाल. रुळावर ओझं टाकून मोजायचं. सगळ्यात स्वस्त ओझं म्हणजे मोटरसायकलचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, तो साधारण ०.४ अँपिअर घेतो. त्याला दोन वायरी सोल्डर करा आणि दुसऱ्या टोकांना मगरचिमटे.

१. इंजिन उचलून बाजूला ठेवा. पॉवर पॅकच्या वायरी रुळाला जिथे जोडल्यात तिथेच बल्ब लावा. नॉब पूर्ण. बल्ब चालू असताना व्होल्ट मोजा.
२. बल्ब लूपच्या बरोबर पलीकडे न्या, पुन्हा मोजा.
३. इंजिन वायरींजवळ ठेवा आणि ते किती करंट घेतं ते बघा. त्यासाठी मीटर एका वायरीच्या मध्ये, मालिकेत लावायचा, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात. अँपिअरवर असलेला मीटर दोन रुळांवर आडवा ठेवू नका, सरळ शॉर्ट होतो. अडकलेल्या मोटरला दोन सेकंदांपेक्षा जास्त पूर्ण व्होल्टेज देऊ नका, आकडा वाचला की नॉब शून्यावर. न फिरणाऱ्या मोटरच्या गुंडाळ्या पटकन तापतात आणि त्यांचं वार्निश जळतं.

तिन्ही आकडे इथे टाका.

---

कुडाळशेड

डमी प्लग काढून परत बसवून बघा एकदा. पिना हिरव्या झाल्या असतील तर तिथेच घोळ. मगे बाकीचा.

---

मिऱ्याबंदर

प्लग काढला. पिना काळपट होत्या, हिरव्या नाहीत. खोडरबराने घासून बसवल्या, फरक नाही. आकडे:

वायरींजवळ, बल्ब लावून: १३.० व्होल्ट.
पलीकडे, बल्ब लावून: ४.६ व्होल्ट. बल्बची तार नुसती लाल दिसते.
पलीकडे, बल्ब काढून: १३.३ व्होल्ट. हे बघून खरंच फसलो असतो.
इंजिन वायरींजवळ, नॉब पूर्ण: ०.८ अँपिअर. चाकं ढिम्म.

---

दापोली साडेसोळा

आकडे बोलके आहेत. रुळांचं मी सांगतो, इंजिन वाशिष्ठीकाठ बघतील.

लूप आहे म्हणजे पलीकडे पोचायला करंटला दोन वाटा आहेत, डावीकडून आणि उजवीकडून. एकच जोड गेला असता तर दुसऱ्या वाटेने करंट आला असता आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता. ४.६ येताहेत म्हणजे दोन्ही वाटांवर काहीतरी गेलंय. बहुधा एकाच रुळात दोन जोडपट्ट्या (रुळांची टोकं जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या).

शोधायची रीत: बल्ब पलीकडे लावून पेटता ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब जोडाच्या अलीकडच्या रुळावर, दुसरा पलीकडच्या त्याच रुळावर, मध्ये फक्त जोडपट्टी. चांगला जोड काही मिलिव्होल्ट दाखवतो. सडलेला व्होल्टमध्ये बोलतो. आतला रूळ, बाहेरचा रूळ, एकेक जोड करत फिरा. प्रोबचं टोक रुळाच्या माथ्यावर नको, बाजूला, जरा खरवडून टेकवा.

खाऱ्या हवेत हे का होतं? हवेतल्या मिठाचे कण रुळांवर बसतात आणि मीठ दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. माथ्यावरचा थर तुम्ही पुसता. पण जोडपट्टी आणि रूळ यांच्यामधली केसाएवढी फट कोणी पुसत नाही. तिथे ओल महिनोन्‌महिने राहते, पट्टीचा धातू आतून खाते, आणि वरून पट्टी चकचकीत दिसते. त्यात प्लाय पावसाळ्यात फुगतो आणि दिवाळीनंतर आकसतो. रूळ त्याबरोबर सरकतात आणि पट्टीची पकड ढिली होते.

पक्कडीने पट्टी आवळणं हा दोन महिन्यांचा इलाज आहे. कायमचा इलाज वायर. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या रुळांना बाहेरच्या अंगाने पातळ वायरीची उडी सोल्डर करा. त्याहून चांगलं, प्लायखालून लूपभर दोन जाड वायरी फिरवा आणि दर तीन-चार फुटांवर त्यांतून रुळांना फाटे द्या. मग जोडपट्टीचं काम फक्त रूळ सरळ धरायचं उरतं. मुख्य वायर १.५ चौरस मिलिमीटरची, घरातल्या वायरिंगची उरलेली चालते. फाटे वीतभर लांबीचे, ०.५ चे.

सोल्डर करताना रुळाची बाजू आधी खरवडा, रोझिन फ्लक्स लावा, गन चांगली तापवून दोन-तीन सेकंदांत काम उरका. जास्त वेळ धरलीत तर स्लीपरचं प्लास्टिक वितळेल. दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा. नळदुरुस्तीचा ॲसिड फ्लक्स अजिबात नको. जो गंज टाळायला बसलोय तोच पुन्हा पेराल.

आणि रुळांचा माथा पॉलिश पेपरने घासू नका. ओरखडे पडतात, ओरखड्यांत मळ भरतो, दर वेळी आधीपेक्षा लवकर. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती फडक्यावर घ्या, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. हाताचं सॅनिटायझर नाही, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकट थर सोडतं.

---

वाशिष्ठीकाठ

रुळांबद्दल पूर्ण सहमत, अल्कोहोलबद्दल अर्धा. अल्कोहोलने मळ निघतो, पण शेवटचा हात मी मिनरल टर्पेंटाइनचा देईन. अगदी थोडं, फडक्यावर, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. अल्कोहोलने पुसलेल्या रुळावर मळ लवकर परत येतो. दोन्ही ज्वलनशील. पॉवर पॅक बंद, खिडकी उघडी, पूर्ण वाळल्याशिवाय गाडी नाही, कारण चाकांखाली ठिणग्या पडतातच.

---

दापोली साडेसोळा

टर्पेंटाइन रंगवलेल्या बॉडीला लागलं तर रंग उतरू शकतो, एवढं पुढे जोडतो. बाकी हा वाद जुनाच.

---

मिऱ्याबंदर

सापडले! बाहेरच्या रुळात दोन जोड: एकावर ८.१ व्होल्ट, दुसऱ्यावर ८.२. बाकी सगळे १० मिलिव्होल्टच्या आत. दोन्हींवर वायरीच्या उड्या मारल्या. आता पलीकडे बल्ब लावून १२.९. फाट्यांचं काम पुढच्या आठवड्यात.

इंजिन मात्र तसंच. कुठेही ठेवा, गुणगुण.

---

वाशिष्ठीकाठ

०.८ अँपिअर हाच पुरावा. पिकअप खराब असता, म्हणजे चाकांवरून वीज आत येत नसती, तर करंट जवळजवळ शून्य दिसला असता. दिवा लागतो यावर विसंबू नका. एलईडीला काही मिलिअँपिअर पुरतात, ते घाणेरड्या चाकातूनही मिळतात. पण ०.८ येतोय म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचतेय आणि मोटर ती खातेय. फिरत मात्र नाही. अशी सहा धुरांची चांगली मोटर सपाट रुळावर ०.२ ते ०.३ मध्ये धावायला हवी.

गुणगुण कशाची, तर बऱ्याच साध्या पॉवर पॅकमधला डीसी सपाट नसतो. ५० हर्ट्झचा एसी रेक्टिफायरमधून गेला की सेकंदाला १०० ठोके देतो. अडकलेली मोटर त्या ठोक्यांवर थरथरते.

आता प्रश्न एवढाच की मोटर स्वतः अडकलीय की तिला कोणी धरून ठेवलंय.

बॉडी काढा. बहुतेक डिझेलांत ती खालच्या बाजूने चार खाचांत अडकलेली असते. दोन्ही बाजूंना खाच आणि बॉडीच्या मध्ये टूथपिक घाला आणि उचला, स्क्रू ड्रायव्हर नको. दिव्यांच्या वायरी बॉडीला चिकटलेल्या असतील तर झटका देऊ नका.

मग डमी प्लग काढा आणि सॉकेटच्या १ आणि ५ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. त्या मोटरच्या. फ्लायव्हील बोटाने जरा जरा फिरवत मोजा. दर जागी आकडा साधारण सारखा, १० ते ४० ओहमच्या आसपास आला पाहिजे. एखाद्या जागी एकदम उघडं सर्किट दाखवलं तर एक गुंडाळी तुटलीय किंवा ब्रश टेकत नाही. एक-दोन ओहम आला तर गुंडाळी जळलीय. हाताशी आहातच तर ४ नंबरच्या पिनेपासून एका बाजूच्या सगळ्या चाकांपर्यंत आणि ८ पासून दुसऱ्या बाजूच्या चाकांपर्यंत सलगता तपासून घ्या.

त्यानंतर खरी कसोटी. फ्लायव्हील आणि बोगी यांच्यामधले प्लास्टिकचे शाफ्ट दोन्ही बाजूंनी सोडवा. ते गोळी आणि वाटीच्या जोडात नुसते बसवलेले असतात, बोगी जरा खाली ओढली की सुटतात. कुठला शाफ्ट कुठल्या टोकाचा आणि कसा बसला होता याचा फोटो काढून ठेवा, दोन्हींची लांबी वेगळी असू शकते. आता १ आणि ५ वर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी क्षणभर टेकवा.

मोटर भिरभिरली तर मोटर निर्दोष, दोष बोगीत. नाही फिरली तर फ्लायव्हील बोटाने फिरवा. जड फिरलं तर मोटरचं बेअरिंग सुकलंय, दोन्ही टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढाच शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. हलकं फिरूनही मोटर चालत नसेल तर कम्युटेटर (ब्रश ज्यावर टेकतात तो फिरता भाग). त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटींत ब्रशांचा कार्बन भरतो आणि पट्ट्या एकमेकींना जोडतो. लाकडी टूथपिकचं टोक घेऊन एकेक फट कोरायची, मग कापसाच्या काडीवर अल्कोहोल. टाचणी नको, तांबं खरवडेल. ब्रशामागची स्प्रिंग बघा, आपल्याकडे ती गंजते आणि ब्रश पुढे ढकलत नाही. ब्रश काढताना बोट आडवं धरा. स्प्रिंग उडाली की फरशीवर सापडत नाही.

---

मिऱ्याबंदर

१ आणि ५ मध्ये १६ ओहम, फ्लायव्हील कुठेही असलं तरी १५ ते १७. चाकांची सलगता बाराही ठिकाणी आली. शाफ्ट सोडले, बॅटरी टेकवली, मोटर सुसाट. मग १२ व्होल्टवर ०.०९ अँपिअर.

पुढच्या बोगीचा वर्म (शाफ्टने फिरणारा, आट्यांचा गिअर) बोटाने फिरतो. मागच्याचा फिरतच नाही. खालचं झाकण काढलं तर ग्रीस पिवळं, मेणासारखं घट्ट. एका टोकाच्या धुरेच्या गिअरला दोन दातांमध्ये केसाएवढी रेघ दिसतेय. ती चीर की साच्याची खूण?

---

वाशिष्ठीकाठ

हिशेबही जुळला बघा: १३ व्होल्टला १६ ओहमने भागा, ०.८. मोटर पूर्ण अडकलेली होती.

---

दापोली साडेसोळा

रेघ एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, दातांच्या मुळाशी आरपार असेल तर चीर. साच्याची खूण सहसा गिअरच्या परिघावर चहूकडे जाते, एकाच फटीत नाही. नखाने धुरा आणि गिअर उलट दिशांना पिळून बघा. फट उघडली किंवा गिअर धुरेवर घसरला तर शंका नको. कारण साधं आहे: प्लास्टिकचा गिअर त्याच्या भोकापेक्षा किंचित जाड लोखंडी धुरेवर दाबून बसवतात. तो जन्मभर ताणात असतो, एक दिवस फाटतो. चीर पडली की तिथल्या दोन दातांमधलं अंतर वाढतं, आणि शेजारचा गिअर तिथे आला की प्रत्येक फेऱ्याला अडतो. थोडं अडणं, त्यात घट्ट ग्रीस, दोन्ही मिळून बोगी जाम.

सुपरग्लू वाया घालवू नका. हे गिअर बहुधा असिटल प्लास्टिकचे असतात, त्याला काही चिकटत नाही. नवा मागवताना तीन मापं द्या: दातांची संख्या, व्हर्नियरने बाहेरचा व्यास, आणि धुरेचा व्यास. अंदाजे माप देऊन आलेला गिअर परत चिरतो.

धुलाई: बोगीतून धुरा आणि गिअर काढा, क्रम एका पांढऱ्या कागदावर मांडत जा. प्लास्टिकचे गिअर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून जुन्या टूथब्रशने. वर्मवरचं ग्रीस अल्कोहोलने. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काही नको, बोगीचं प्लास्टिक विरघळेल. पिकअपच्या पितळी पट्ट्या वाकू देऊ नका, त्या चाकाच्या मागच्या बाजूला जेमतेम टेकल्या पाहिजेत. जोरात दाबल्या की त्याच ब्रेक होतात. सगळं पूर्ण वाळवा.

परत बसवताना वर्मवर प्लास्टिकला चालणारं ग्रीस, मोहरीच्या दोन दाण्यांएवढं. धुरांच्या टोकांना तेल, सुईने. गिअरना वेगळं काही नको, वर्मवरचं पसरतं. जास्त झालेलं तेल चाकांवर येतं, तिथून रुळांवर.

खोबरेल तेल वापरू नका. घराघरात हाताशी असतं म्हणून सांगतोय. ते चोविसाच्या खाली गोठतं, पौषातल्या एखाद्या पहाटे इंजिन पुन्हा जाम, आणि तसंही वर्षभरात खवट होऊन चिकट होतं.

चाकं परत बसवण्याआधी दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, सगळ्या धुरांवर १४.४ मिलिमीटरच्या जवळ हवं. चिरलेल्या गिअरच्या धुरेवर चाक सरकलेलं असतं, मग इंजिन सांध्यांवर (रूळ बदलायच्या जागी) रुळावरून उतरतं आणि माणूस सांध्यांना दोष देत बसतो.

---

कुडाळशेड

बॉडी उघडीच आहे तर चेसिसवर पोलादी पट्टी उभी धरून बघा. चेसिस जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. ओतताना त्यात शिसं मिसळलेलं असेल तर दमट हवेत तो आतून फुगतो, वाकतो, बारीक भेगा पडतात, आणि मोटरची नि बोग्यांची रेषा चुकते. पट्टीखालून उजेड दिसला किंवा रंगाखाली फोड दिसले तर तेल-ग्रीस काही करत नाही, चेसिसच बदलायचा. त्याला इलाज नाही.

खोक्यातला फोम पण बघा. पिवळा पडून बोटाला चिकटत असेल तर टाका. पॉलियुरेथेन दमटपणाने कुजतो आणि रंगाला लागतो. मोबाइलच्या खोक्यातला पांढरा पॉलिथिन फोम घाला. आणि कपाट नको. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा, आत शंभरेक ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर मूळ रंग येईपर्यंत ठेवायचं, परत डब्यात.

---

मिऱ्याबंदर

चेसिस सरळ आहे, पट्टीखालून काही दिसत नाही. फोम मात्र बोटाला चिकटला, गेला कचऱ्यात.

गिअरची फट पिळली की उघडते. चिरलाच आहे. बोगी धुऊन, तो गिअर काढून परत जुळवली. टोकाची धुरा आहे, तिच्यावरून पुढे दुसऱ्या कशाला चालन जात नाही, म्हणून ती नुसती मोकळी फिरते. चाकांमधलं अंतर त्या धुरेवर १४.९ होतं, १४.४ केलं.

आता १२ व्होल्टवर ०.२४ अँपिअर, नॉब पाव भागावर असतानाच उचल घेतं. दोन्ही दिशांना, लूपभर. एक शंका राहिली: नवा गिअर येईपर्यंत पाच धुरांवर चालवू का? चढ नाही, डबे सहा.

---

दापोली साडेसोळा

चालवा. पाच धुरांना सपाटीवर सहा डबे जड नाहीत. सुरुवातीला डबे न लावता दोन्ही दिशांना पंधरा-पंधरा मिनिटं, मग बोटाने मोटर तपासा. कोमट चालेल, चटका नको. आणि नवे गिअर घेताना एक नको, सहा घ्या. उरलेले पाचही त्याच साच्यातले, त्याच वयाचे आहेत.